ताट, हात आणि काटा-चमचा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मूळचा यावल तालुक्यातला. अठरा वर्षं मुंबईच्या हॉटेलांत वाढप केलं; आधी वेटर होतो, मग बँक्वेटचा कॅप्टन झालो. आता जळगावात लग्नाच्या आणि भरिताच्या जेवणांची कामं घेतो. मुलाखतीसाठी पुण्या-मुंबईला निघालेल्या पोरापोरींना काटा-चमचा धरायलाही शिकवतो. ही मुलं जे प्रश्न विचारतात आणि लग्नघरची मोठी माणसं मला बाजूला घेऊन जे विचारतात, ते सगळे इथे लिहून ठेवलेत. काही उत्तरं लांबलीत, कारण तिथे सांगण्यासारखं खूप आहे.

हाताने जेवणं हे मागासलेपणाचं लक्षण आहे का?

नाही. हा प्रश्न मुलं आवाज खाली करून विचारतात, म्हणून मी उत्तर मोठ्याने देतो.

ज्या इंग्रजांकडून आपल्याकडे काटा आला, त्यांच्याकडेही सोळाशे सालाच्या सुमाराला जेवायला काटा रूढ नव्हता. सुरी, चमचा आणि बोटं, एवढ्यावर त्यांचं जेवण व्हायचं. टॉमस कोरियट नावाचा इंग्रज प्रवासी इटलीत गेला. तिथली माणसं मांस कापताना ते काट्याने धरून ठेवतात, हे त्याने पाहिलं. १६११ साली छापलेल्या प्रवासवर्णनात त्याने ते लिहिलं, आणि स्वतः तसं जेवायला लागला तेव्हा त्याच्याच ओळखीच्यांनी त्याची थट्टा केली. हाच कोरियट पुढे बराचसा रस्ता पायी तुडवत हिंदुस्थानात आला आणि १६१७ साली सुरतेत वारला. सुरत म्हणजे आपल्या नवापूरच्या पलीकडची. तेव्हा सुरत-बऱ्हाणपूरचा माल खानदेशातूनच जायचा. काट्याची नवलाई सांगणारा माणूस आपल्या इतक्या जवळ मातीला मिळाला, हे मला कळलं तेव्हा मी कितीतरी दिवस ते ज्याला त्याला सांगत होतो.

त्याने काट्याचं कारणही लिहून ठेवलंय. इटलीतल्या माणसांना आपल्या पदार्थाला दुसऱ्याची बोटं लागलेली चालत नाहीत, कारण सगळ्यांची बोटं सारखी स्वच्छ नसतात. हे वाचल्यावर मला आमची आजी आठवली. ती दुसऱ्या शब्दांत तेच म्हणायची: उष्टा हात भांड्याला लावू नको.

तिकडे मांसाचं मोठं ताट मधे ठेवायचं आणि सगळ्यांनी त्यातून घ्यायचं, म्हणून मधे काटा आला. आपल्याकडे प्रत्येकाचं पान वेगळं आणि वाढणारा माणूसही वेगळा. जेवणाऱ्याचा हात पातेल्यापर्यंत पोचतच नाही, मग काट्याची गरज कशी पडणार? अडचण दोघांची एकच होती. त्यांनी ती काट्याने सोडवली, आपण वाढप्याने. यात पुढारलेला कोण आणि मागासलेला कोण, हे मला आजवर सापडलेलं नाही.

टोमणे मात्र अजून थांबलेले नाहीत. २०२५ च्या जूनमध्ये न्यूयॉर्कच्या महापौरपदाचे उमेदवार झोहरान ममदानी हाताने भात खातानाची चित्रफीत पसरली, तेव्हा अमेरिकेतल्या एका खासदाराने सुसंस्कृत माणसं असं खात नाहीत, असं जाहीर लिहिलं. आमच्या वर्गातल्या एका मुलीने ती बातमी मला दाखवली आणि विचारलं, ‘काका, मग मी परदेशात गेले तर?’ मी म्हटलं, जिथे जाशील तिथली रीत शीक, पण आपल्या हाताची लाज वाटून शिकू नको.

मग हाताने कसंही खाल्लं तरी चालतं का?

अजिबात नाही. हाताने जेवायची रीत काट्याइतकीच काटेकोर आहे. आपण ती लहानपणीच शिकलो, म्हणून आता ती रीत वाटत नाही, एवढंच.

अन्न बोटांच्या दुसऱ्या पेराच्या वर जाऊ द्यायचं नाही, तळहात कोरडा राहिला पाहिजे. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट यांनी घास धरायचा, बाकीच्या दोन बोटांनी नुसता आधार द्यायचा. घास तोंडाशी आला की अंगठ्याने आत लोटायचा, बोटं तोंडात घालायची नाहीत. भाकरी एकाच हाताने मोडायची. पहिली दोन बोटं भाकरीवर दाबून अंगठ्याने तुकडा ओढायचा, हे पाच-सहा वर्षांच्या पोराला पटकन जमत नाही. आमच्या आईने मला कळण्याच्या भाकरीवर शिकवलं. ज्वारीत उडीद दळलेली ती भाकरी जरा चिवट असते. ती एका हाताने मोडता आली की मग साधी ज्वारीची भाकरी काहीच वाटत नाही.

ताटात चिवडाचिवड करायची नाही, कालवायचं तेवढं संपवायचं आणि जेवताना बोटं चाटत बसायचं नाही. वाटी शेवटी चाटून-पुसून घ्यावी की नाही यावर घराघरात दोन मतं आहेत. माझ्या मते घरी खुशाल पुसावी, पाहुण्याकडे पोळीच्या तुकड्याने पुसावी.

हाताने इतकं चांगलं जेवता येतं, तर काटा-चमचा शिकायचा कशाला?

कारण येत नसलेल्या गोष्टीची भीती वाटते. भीती वाटली की माणूस जेवत नाही, नुसता बसून राहतो. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. मुंबईत एका कंपनीच्या जेवणात धुळ्याकडचा एक इंजिनिअर मुलगा सूप परत पाठवत होता, स्टार्टर परत पाठवत होता. मी जवळ जाऊन हळूच विचारलं तर म्हणाला, ‘भूक नाही.’ त्याच्या बोलण्यावरून तो आपल्याकडचा आहे हे कळलं. मी त्याच्यासमोर फक्त चमचा आणि काटा ठेवला, बाकीची कटलरी उचलून नेली आणि म्हटलं, ‘भात येतोय, चमच्याने खा, कोणी बघत नाहीये.’ तो पोटभर जेवला. काटा-चमचा मी शिकवतो तो एवढ्याचसाठी. तुमचं लक्ष शेजारच्याशी बोलण्याकडे राहावं, हाताकडे राहू नये.

अर्ध्या दिवसात हे सगळं येतं. यात फार मोठी विद्या नाही.

काटा कुठल्या हातात, सुरी कुठल्या?

सुरी उजव्या हातात, काटा डाव्या हातात. मांडणीही तशीच असते: ताटाच्या डावीकडे काटे, उजवीकडे सुऱ्या आणि सूपचा चमचा, सुरीची धार ताटाकडे. पाण्याचा ग्लास उजवीकडे, ब्रेडची छोटी बशी डावीकडे. शेजाऱ्याचा ब्रेड उचलण्याची चूक सगळ्यांत जास्त होते. डावीकडची बशी आपली, एवढं लक्षात ठेवलं की झालं. कटलरी बरीच मांडली असेल तर बाहेरच्या बाजूने सुरुवात करायची आणि पदार्थागणिक आत सरकायचं.

यातही सगळे एकमताचे नाहीत. युरोपात कापून झालं तरी काटा डाव्याच हातात ठेवतात. अमेरिकेत बरेच जण आधी कापून घेतात, सुरी खाली ठेवतात आणि काटा उजव्या हातात घेऊन खातात. दोन्ही बरोबर आहेत. भारतातल्या हॉटेलात भात आणि रस्सा असेल तर उजव्या हातात चमचा, डाव्या हातात काटा आणि काट्याने भात चमच्यावर लोटायचा, ही पद्धत सगळ्यांत सोपी. मी मुलांना सुरुवात इथूनच करून देतो.

मधेच थांबायचं असेल तर काटा आणि सुरी ताटात एकमेकांपासून दूर, घराच्या छपरासारखी तिरपी ठेवायची. जेवण झालं की दोन्ही शेजारी-शेजारी सरळ. ही वेटरशी बोलायची भाषा आहे. ती येत नसेल तर तुमचं अर्धं ताट उचललं जातं, आणि मग बिचाऱ्या वेटरवर राग निघतो. चमचा खाली पडला तर टेबलाखाली वाकू नका, दुसरा मागा. तो आणून देणं हे आमचं कामच असतं. नॅपकिन मांडीवर ठेवायचा, गळ्यात बांधायचा नाही.

बट्टी-वरण, भरीत, शेवभाजी काट्या-चमच्याने खाता येते का?

येते, पण मजा नाही. का नाही, ते सांगतो, कारण हा हट्टाचा नाही, पदार्थाचा प्रश्न आहे.

बट्टी घ्या. आपल्याकडे ती उकडून, कापून, तळतात. वरून खरपूस, आत घट्ट. ती ताटात आली की आधी कुस्करायची. किती बारीक करायची हे बोटांना कळतं. फार भुगा झाला तर वरण घातल्यावर लगदा होतो, मोठे तुकडे राहिले तर वरण आत मुरत नाही. मग मधे खड्डा करायचा, वरण घ्यायचं, तूप घ्यायचं, लिंबू पिळायचं आणि कडेने कालवत यायचं. शेजारी वांग्याची घोटलेली भाजी. चमच्याने बट्टी दाबायला गेलात तर ती ताटाबाहेर उडते. बुफेत हे दर लग्नात होतं, म्हणून बुफेत बट्टी ठेवायची असेल तर मी ती आधीच कुस्करून ठेवतो. जुन्या माणसांना ते पटत नाही आणि मला त्यांचंच म्हणणं खरं वाटतं.

भरिताचंही तसंच. हिवाळ्यात शेतात भरिताची पार्टी असली की कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायची. आपली ती हिरवट-पांढरी, मोठी, कमी बियांची वांगी. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तसंच जळगावच्या केळीलाही. लाकडी बडगीत हिरवी मिरची, लसूण आणि वांग्याचा गर ठेचायचा, वरून कांद्याची पात, कोथिंबीर, शेंगदाणे. हे केळीच्या पानावर पडतं आणि पानावर काटा चालत नाही, पान फाटतं. मानांकन मिळालेलं वांगं, मानांकन मिळालेल्या केळीचं पान, आणि मधे आपली पाच बोटं.

शेवभाजीला मात्र मी चमचा देतो. तर्री कढत असते, शेव वरून घातलेली असते, आणि ती मऊ पडायच्या आत खायची तर चमचा बरा. उरलेल्या रश्श्यात पोळी किंवा भाकरी चुरायची वेळ आली की चमचा बाजूला ठेवायचा. एकाच जेवणात दोन्ही चालतं, हे लोकांना का जड जातं, मला कळत नाही.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आमरसाबद्दल वाद कायमचा आहे. खापरावरच्या मांड्याचा तुकडा रसात बुडवून खायचा, की वाटीतून चमच्याने रस खायचा, की वाटी सरळ तोंडाला लावायची? आमच्या घरात तीन भावांच्या तीन रीती आहेत. मांडा इतका पातळ असतो की सुरी-काट्याने त्याच्या चिंध्या होतील, तेवढं मात्र कोणी करू नये.

आणि शेतातलं जेवण विसरू नका. बांधावर बसलेला माणूस डाव्या तळहातावर भाकरी घेतो, तिच्यावर ठेचा किंवा भाजी ठेवतो आणि उजव्या हाताने कडेपासून मोडत खातो. भाकरीच ताट होते आणि शेवटी ते ताटही पोटात जातं.

हॉटेलात सगळे काटा-सुरीने जेवत असताना मी रोटी हाताने मोडली तर?

मोडा. रोटी, नान, पोळी, भाकरी, डोसा, पाव हे सगळं हातानेच मोडायचं असतं, मोठ्यातल्या मोठ्या हॉटेलातसुद्धा. रोटीला सुरी लावणारा माणूस पाहिला की वाढणाऱ्यालाच अवघडल्यासारखं होतं. इंग्रजी रीतीतही ब्रेड सुरीने कापत नाहीत, हाताने तोडतात, सुरी फक्त लोणी लावायला असते.

शेवटी गरम पाण्यात लिंबाची फोड घालून वाटी देतात, ते पितात का?

नाही, त्यात बोटं धुवायची. एका वेळी एका हाताची बोटं बुडवायची, लिंबू चोळायचं, नॅपकिनला पुसायचं. चुकून कोणी ते प्यायला लागलं तर हसू नका. शक्य असेल तर विषय काढून त्याचं लक्ष दुसरीकडे न्या.

पंगतीत जेवायला कधी सुरुवात करायची आणि कधी उठायचं?

सगळ्या पानांवर वाढून झालं, श्लोक झाला की सुरुवात. काही घरांत अजून पानाभोवती पाणी फिरवून चित्राहुती घालतात, ते होईपर्यंत थांबायचं. तुमच्या घरी तशी रीत नसेल तर नुसतं थांबा, नक्कल करायची गरज नाही. उठायचं मात्र सगळ्यांबरोबर. आपलं आधी झालं तर मठ्ठ्याचा घोट घेत बसायचं. शेजारी म्हातारं माणूस असेल तर आपला वेग त्याच्याशी जुळवायचा, म्हणजे ‘माझ्यासाठी सगळे खोळंबले’ असं त्याला वाटत नाही. माझ्या मते पंगतीतली ही सगळ्यांत सुंदर रीत आहे, आणि बुफेत ती पार गेली.

पान मांडणाऱ्यांसाठी: केळीच्या पानाचा शेंडा जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे, भाज्या उजवीकडे. ज्याला हात सारखा जातो ते उजवीकडे आणि जे चवीपुरतं ते डावीकडे, असा तो सोपा हिशोब आहे. सातपुड्याच्या पायथ्याला पळसाच्या पानांची पत्रावळ आणि द्रोण मिळाले तर आवर्जून वापरा, नुसतं वरण घालण्याआधी द्रोण गळत नाही ना, एवढं बघा.

बुफेत हाताने जेवलं तर दुसऱ्यांदा घ्यायला जाताना काय करायचं?

हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. बुफे आल्यावर वाढपी गेला, आणि उष्ट्या हाताची आपली जुनी व्यवस्था मोडली. पोळी-भाजी खाल्लेला उजवा हात आता डावाला, म्हणजे वाढायच्या पळीला, लागतो, आणि तो डाव पुढच्या दोनशे लोकांच्या हाती जातो.

ताट उष्ट्या हातात तोलून धरा आणि डाव्या, कोरड्या हाताने डाव उचला. डाव भाजीच्या भांड्यावर धरून ताट त्याच्याजवळ न्या, डाव ताटाला टेकू देऊ नका. हे जमत नसेल तर चमच्याने जेवा, बुफेत तेच सोयीचं. माझ्या कामावर मी आता पोळी, भात आणि गोड या तीन ठिकाणी वाढायला माणूस उभा करतो. मजुरी वाढते, पण अन्न कमी वाया जातं आणि मोठ्या माणसांना बरं वाटतं.

आग्रहाला नाही कसं म्हणायचं?

आपल्याकडे पहिलं ‘नको’ कोणी खरं मानत नाही. ‘घ्या ना भो, एकच’ म्हणत मांडा ताटात पडतोच. हात पानावर आडवा धरून, वाढणाऱ्याकडे बघून, हसून सांगायचं: ‘पोट भरलं, फार छान झालंय.’ नुसतं मान हलवून चालत नाही. वाढणाऱ्यांनाही माझी विनंती आहे. दुसऱ्या ‘नको’ला थांबा. मधुमेह असलेल्या माणसाच्या पानात जिलेबी टाकणं हे प्रेम नव्हे. आणि पंगत उठल्यावर खरकटं उचलणाऱ्या बायका त्या टाकलेल्या मांड्यांकडे ज्या नजरेने बघतात, ती नजर मी पाहिलीय.

सासरी मी चमच्याने भात खाते, सासूबाईंना आवडत नाही. काय करू?

आधी विचारा, त्यांना नेमकं काय खुपतं. धरणगावच्या एका घरी हाच तंटा होता. सून नाशिकची, सासूबाई गावच्या. सासूबाईंना वाटायचं, हिला आपल्या घरच्या अन्नाला हात लावायची किळस येते. सुनेला लहानपणापासून चमच्याची सवय, बाकी काही नाही. एकदा हे बोलणं झालं आणि सासूबाईच म्हणाल्या, ‘मग चमचा घे माय, मला काय.’

भांडण चमच्याचं क्वचितच असतं. जावईबापूंनी तेच केलं तर कोणी काही बोलत नाही, हेही घरातल्या मोठ्यांनी मनाशी आणून बघावं.

भुरके मारणं, ढेकर देणं वाईट का?

कढी किंवा डाळीच्या वाफवलेल्या फुणक्यांबरोबरचा रस्सा भुरकला तर घरी कोणाचं बिघडत नाही. जपानात नूडल्स आवाज करत खाल्लेल्या चालतात. इंग्रजी टेबलावर मात्र आवाज नको, सूपचा चमचा स्वतःपासून दूर नेत भरायचा आणि कडेने प्यायचा. ढेकर आपल्याकडे तृप्तीची मानली गेली, पण पाहुण्यांत दाबावी हे बरं. तोंड मिटून चावणं मात्र सगळीकडे सारखंच.

चमचा हातापेक्षा स्वच्छ असतो का?

धुतलेला हात आणि धुतलेला चमचा, दोन्ही स्वच्छ. न धुतलेले दोन्ही घाण. फरक असा की आपला हात आपण धुतलेला असतो, चमचा कोणी कसा धुतला हे दिसत नाही. साबणाने निदान वीस सेकंद, नखांच्या कडा, बोटांच्या बेचक्या आणि अंगठा. नुसत्या पाण्याखाली बोटं भिजवणं म्हणजे हात धुणं नव्हे. गाडीवर, प्रवासात, जिथे पाणी नाही तिथे चमचा घ्या.

आमची आजी चमच्याला तोंड लावत नाही. का?

आजीच्या माहेरी पितळेची भांडी असणार. पितळेला आंबट लागलं की चव बिघडते, म्हणून आतून कल्हई करायची. कल्हई उडालेला चमचा तोंडात घातला की जीभ कसनुशी होते. चांदीचा चमचा परवडायचा कोणाला? गंज न धरणारं पोलाद इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या हॅरी ब्रिअर्लीने १९१३ साली तयार केलं, आणि आपल्या खेड्यांत स्टीलचे चमचे त्यानंतर कितीतरी वर्षांनी आले. त्यातून उष्ट्याचा विचार: तोंडाला लागलेला चमचा पुन्हा कोणाच्या तोंडी जाणार, हे तिला सोसत नाही. तांब्या वरून धरून पाणी पिणं यातलंच. तिला चमचा देऊ नका, चांगली गोल वाटी द्या.

थायलंड, जपानला जायचंय. काय लक्षात ठेवू?

थायलंडमध्ये चमचा उजव्या हातात, काटा डाव्यात, आणि काटा फक्त लोटायला. तोंडात चमचाच जातो. जपानात चॉपस्टिक भातात उभ्या खोचायच्या नाहीत, ती मृत माणसासाठी ठेवलेल्या भाताची रीत आहे. आपल्या पिंडाच्या भाताशी कोणी खेळलं तर आपल्याला जसं वाटेल, तसं त्यांना वाटतं. इथिओपियात मात्र घरी आल्यासारखं वाटेल: इंजेरा नावाची मोठी आंबवलेली पोळी, तिच्यावरच भाज्या, आणि उजव्या हाताने मोडून खायचं. आपल्या माणसाला स्वतःच्या हाताने घास भरवणं हा तिथे मान आहे.

जुन्या पंगती इतक्या छान होत्या, तर त्या परत आणाव्यात का?

आणाव्यात, पण एक गोष्ट सोडून. उष्ट्याची रीत स्वच्छतेची होती, शिवाशिवीची रीत माणूस दूर लोटण्याची होती, आणि पंगतीत या दोन्ही एकाच पाटावर बसल्या. गावजेवणात कोण आधी बसणार, कोणाला लांब बसवणार, कोणाचा कप वेगळा टांगणार, हे सगळं ‘रीत’ म्हणूनच चालायचं. १९२९ साली आपल्या चाळीसगावात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना टांग्यातून न्यायला टांगेवाले तयार झाले नाहीत. तेव्हा शेजारी जेवायला बसण्याची गोष्ट तर लांबच. अनंत हरि गद्र्यांनी झुणका-भाकरीची सहभोजनं घातली ती याच्याविरुद्ध. आधी आपल्या अमळनेरात शिक्षक असलेले साने गुरुजी १९४७ साली पंढरपूरच्या विठ्ठल मंदिराची दारं सगळ्यांना उघडावीत म्हणून उपोषणाला बसले.

माझ्या कामावर पंगत बसते ती ज्या क्रमाने माणसं येतील त्या क्रमाने. एका यजमानाने मला एकदा वेगळी ओळ मांडायला सांगितली होती. मी बयाणा परत केला.

मुलगा डावखुरा आहे. त्याला उजव्याच हाताने जेवायला लावायचं का?

नका लावू. साधारण दहांतला एक माणूस डावखुरा असतो. आपल्याकडे डावा हात जेवणातला नाही असं मानतात, त्यामागे शौचाचं कारण सांगतात, आणि साबण-पाणी नव्हतं तेव्हा त्यात तथ्य होतं. पण वाढायला बसलेल्या घरच्या बाईला बघा. उजव्या हाताने जेवता जेवता ती पोळीच्या डब्याला कुठला हात लावते? डावा. जेवताना डावा हातच चोखा असतो. डावखुऱ्याचं फक्त उलटं: तो डाव्याने जेवेल आणि उजव्याने वाढून घेईल. त्याला एवढंच शिकवा की जेवायचा हात भांड्याला लावायचा नाही. पंगतीत त्याला ओळीच्या डाव्या टोकाला बसवा, म्हणजे शेजाऱ्याच्या कोपराला कोपर लागत नाही.

आजी-आजोबा ऐकत नाहीत, असं पालक सांगतात. खरंय, ऐकत नाहीत. आमचे वडील, आप्पा, तेही ऐकत नसत. माझ्या पुतण्याच्या डाव्या हातावर त्यांनी फटके दिलेले मला आठवतात.

अर्धांगवायू झालेल्या किंवा हात थरथरणाऱ्या माणसाने पंगतीत कसं जेवायचं?

आप्पांनाच अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली. सहा महिने ते कोणासमोर जेवले नाहीत. डाव्या हाताने घास घेताना त्यांना स्वतःचीच लाज वाटायची, आणि भरवून घेणं त्याहून नको असायचं. ताट खोलीत न्यायचं, दार लोटून घ्यायचं.

काय उपयोगी पडलं, ते सांगतो. चमच्याची दांडी जाड केली: सुती कापडाची पट्टी गुंडाळून वर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवला, म्हणजे पकड सुटत नाही. ताट उथळ नको, उभ्या काठाची थाळी घेतली. काठाला टेकवून चमचा भरता येतो. थाळीखाली ओलं फडकं, म्हणजे ती सरकत नाही. पाणी भांड्याऐवजी कानाच्या कपात, अर्धंच भरलेलं. डाळ जरा घट्ट, भात मऊ. गिळायला त्रास होत असेल, ठसका लागत असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. घाईने भरवू नका, आडवं झोपवून तर कधीच नको.

मग आखाजी आली. पुतण्या, तेव्हा नऊ वर्षांचा, खोलीत गेला आणि म्हणाला, ‘बाबा, मी पण डाव्यानेच जेवतो. माझ्याशेजारी बसा.’ आप्पा कितीतरी वेळ काही बोलले नाहीत. मग काठी मागितली.

ओळीच्या डाव्या टोकाला दोघांची पानं मांडली. आप्पांपुढे काठाची थाळी, जाड दांडीचा चमचा. मी वाढायला गेलो, रस वाढला, मांडा वाढला. त्यांनी चमचा बाजूला ठेवला, डाव्या हाताने मांड्याचा तुकडा तोडायचा प्रयत्न केला, तो काही तुटेना. पुतण्याने आपल्या कोरड्या उजव्या हाताने मांड्याची कड धरून ठेवली आणि आप्पांनी तुकडा ओढून रसात बुडवला.